गोटीचा पल्ला

ऑफिसात तिला सगळे तराजूबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. मारामारीचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत तिचं काम एकच होतं. पडद्यावरचा कुठलाही लढवय्या दुसऱ्याला फार डोईजड होऊ नये, हे बघायचं. लांब हाताच्या गड्याने लांबूनच ठोसे हाणून समोरच्याचा भुगा केला, तर आखूड हाताचा गडी खेळायला घेणार कोण? म्हणून आखूड हाताच्याला पाय चपळ द्यायचे आणि लांब हाताच्याची जवळ आल्यावर जरा पंचाईत करायची. सगळा खेळ हाताचा पल्ला आणि मधलं अंतर यांचा. काम किचकट आणि बिनकौतुकाचं. नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकलं की खेळणारी पोरं तोंडाला येईल ते लिहितात.

सध्या ती गोटीवरून बोलणी खात होती.

गोटी म्हणजे गेममधला सगळ्यांत बुटका लढवय्या, आणि गोटी म्हणजे तिचा सख्खा दादा. जाळीच्या पिंजऱ्यात तो खरोखर लढायचा तेव्हापासून लोक त्याला गोटी म्हणत, कारण तो ठेंगणा होता, टणक होता आणि कुठून घरंगळत आत शिरेल याचा नेम नसायचा. बहिणीच्या ओळखीने कंपनीने त्याला बोलावलं, काळे घट्ट कपडे घालून अंगभर चमकत्या टिकल्या लावल्या आणि त्याचा प्रत्येक ठोसा कॅमेऱ्यांनी टिपून घेतला. 'बायकोसारखा नटलोय,' म्हणून तो तेव्हा पोट धरून हसला होता. त्यानंतर काही आठवड्यांनी झालेली लढत त्याची शेवटची ठरली. डावीकडून आलेली लाथ त्याला दिसलीच नाही. तेव्हापासून डावा डोळा गेला, डावा पाय ओढत चालणं आलं, आणि बोलताना शब्दाची वाट बघावी लागते. आता तो दिवसभर घरी बसून गेममध्ये गोटी घेऊन खेळतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. जिंकला की त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवतो, असं वहिनी सांगायच्या.

"तराजूबाई, तुमचा गोटी हवेत हात फिरवतो आणि आपली शिडी आडवी होते," साहेब म्हणाले. शिडी म्हणजे गेममधला सगळ्यांत उंच गडी. "मूठ अंगाला लागतसुद्धा नाही हो! लोक हसतायत. नवी आवृत्ती बाहेर जायच्या आत बघा एवढं."

"बघते," ती म्हणाली, आणि जागेवर येऊन तिने दादाचं ते जुनं चित्रण उघडलं.

या गेममध्ये प्रत्येक मुठीभोवती एक न दिसणारा फुगा असतो. मूठ लागो न लागो, तो फुगा समोरच्याच्या अंगाला टेकला की मार बसला. चित्रणाच्या वेळी समोर कुणीच नसतं. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिथे शत्रू उभा आहे असं समजून हात चालवायचा. हवेत मारताना भलेभले हात आखडता घेतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ठोसा थोडा कमी पडला की तराजूबाई हाताकडे न बघता फुगा थोडा फुगवून मोकळ्या होत. दादाच्या ठोशांनाही तिने तेच केलं होतं. भाजीत मीठ कमी वाटलं तर चिमूटभर टाकावं, तितक्या सहज.

आज तिने सगळे फुगे काढून टाकले आणि नुसते हात बघितले.

उजवीकडच्या खुणेवरचा प्रत्येक ठोसा अगदी जिथे हवा तिथे पोचत होता. तसूभर इकडेतिकडे नाही. डावीकडच्या खुणेवरचा मात्र प्रत्येक ठोसा चार बोटं अलीकडे थांबत होता. हवेत मारायची भीड असती तर दोन्हीकडे सारखीच दिसली असती. तिने पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं. दादाच्या डाव्या डोळ्याला तेव्हाच अंतर कळत नव्हतं. लढतीच्या आधीच. ते या पडद्यावर धडधडीत दिसत होतं, आणि ज्या बाईला अंतर मोजायचाच पगार मिळतो तिने त्यावर फुगा फुगवून ते झाकून टाकलं होतं.

फुगे काढले तर गोटी खरा होणार होता आणि दादा हरणार होता. उरलंसुरलं एवढं एकच सुख, तेही आपल्याच हाताने काढून घ्यायचं का, हा प्रश्न तिला दिवसभर खात राहिला. शेवटी तिने ठरवलं की आधी दादालाच खेळायला देऊ. नाहीच जमलं त्याला, तर साहेबांना काहीतरी थाप मारू. नवी आवृत्ती घेऊन ती दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी गेली.

दादा कोचावर बसला होता. वहिनी आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आज वाट चुकलीस वाटतं?" त्या तिथूनच म्हणाल्या.

दादाने गोटी घेतला. समोर मशीनच्या हातातली शिडी. पहिली लढत तो हरला, दुसरीही हरला. तिसऱ्या वेळी गोटी शिडीच्या कुशीत शिरला, डावा ठोसा घातला, आणि तो ठोसा शिडीच्या बरगडीपाशी येऊन नुसताच थांबला. दादाने खेळ थांबवला. चिडला असेल म्हणून ती भीत भीत बघत होती, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"हे... बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर?"

"तेव्हा असंच व्हायचं. डाव्या डोळ्यापुढे... धुरकट. हात पोचतोय की नाही, कळेना. हिने डॉक्टरकडे नंबर लावला होता. डोळ्यांच्या." तो शब्दासाठी थांबला. "मग तू ऑफिसात बोलावलंस. गेम दाखवायला. बघितलं तर सगळे ठोसे लागत होते. डावे, उजवे, सगळे. म्हटलं, मग मनाचेच खेळ. लढतीची धास्ती. गेलोच नाही डॉक्टरकडे."

ती गप्प बसली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, आला आणि चांगला ठाण मांडून बसला. पण दादा तिच्याकडे बघत होता.

"ते मी लावले होते, दादा."

"म्हणजे?"

"तुझा हात पोचत नव्हता. सगळ्यांचाच हवेत कमी पडतो, म्हणून आम्ही वाढवतो. मी वाढवला. नीट बघितलंसुद्धा नाही रे मी."

दादाने पडद्यावरच्या थांबलेल्या मुठीकडे बघितलं.

"मला वाटलं, मीच मारले," तो म्हणाला.

दारात वहिनी उभ्या होत्या. हातात दादाचा सदरा अर्धवट घडी घातलेला.

"ग्लासाबाहेर पाणी ओतायचा गं हा," त्या म्हणाल्या. "आधी मी वेंधळा म्हणून हसले, मग घाबरले. दवाखान्याच्या पायरीवर वाट बघत उभी होते मी त्या दिवशी. आलाच नाही. का आला नाहीस म्हटलं की आजवर हसण्यावारी न्यायचा." त्या खाली बसल्या. "अगं, एकदा मला विचारायचंस. नुसतं म्हणायचंस, वहिनी, याचा हात कमी का पडतोय? मी सांगितलं असतं."

त्या ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"फुगे परत घालते मी," ती कशीबशी म्हणाली. "आधीसारखं होईल. तू जिंकशील."

"नको." दादाने मान हलवली. "आता कळलंय ना मला. कसलं जिंकणं?" त्याने टेबलावरचा गेमचा दुसरा रिमोट उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "तू घे शिडी."

"दादा, नको ना."

"घे. मशीनशी खेळून कंटाळा आलाय. आणि मुद्दाम हरू नकोस. तेवढं तरी... खरं खेळ माझ्याशी."

तिने शिडी घेतली. वहिनी सदरा मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत राहिल्या. गोटी वाकून, डोकं लपवून पुढे येऊ लागला, अगदी दादा यायचा तसा. त्याची डावी बाजू उघडी होती. ती उघडी आहे हे त्या खोलीत तिला सगळ्यांत आधी दिसलं, कारण तेच तिचं काम होतं. तिने दादाकडे बघितलं. तो ओठ घट्ट मिटून, एका डोळ्याने, सगळा जीव लावून खेळत होता.

डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. तिने बटण दाबलं, आणि शिडीची लाथ त्याला डावीकडून लागली.