खरकट्याचं वजन

दोष तुमचा आहे. तुम्ही वर ऑफिसात बसून शाळेत वजनकाटा पाठवलात, पोरांच्या ताटातलं खरकटं रोज तोलायला लावलंत, आणि ते का उरलं हे कळवायला मोबाईलमध्ये मोजकी कारणं ठेवलीत. जास्त शिजलं, कच्चं राहिलं, चव नाही, मुलं गैरहजर. यातलं एक निवडायचं आणि बटण दाबायचं. खरं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं, म्हणूनच त्याला जागा ठेवली नाहीत. आता पंचफुलाचं काय झालं ते गुमान ऐकून घ्या.

केळझरच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं, त्या गावातली ही शाळा. तिथला पोषण आहार कित्येक वर्षं मंदाबाई शिजवायची. तिचे गुडघे गेले, तिनं काम सोडलं आणि तिच्या जागी पंचफुला लागली. पंचफुला बुद्धविहाराजवळ राहायची. नवरा बाबाराव वारलेला, लेक नंदिनी लग्न होऊन पुण्याकडं गेलेली. घरात बोलायचं तर टीव्हीशी, आणि तोही ऐकत नाही, नुसता बोलतो. काम मिळालं तेव्हा मानधन किती हे तिनं विचारलंच नाही. रोज इतक्या पोरांत बसून जेवायला मिळणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पहिल्या दिवशी तिनं गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, खिचडी रांधली. पोरं पंगतीत बसली, ताटं भरली. मुख्याध्यापक रूपराव सरांनी भरल्या ताटांचा फोटो काढून वर पाठवला, कारण फोटो पाठवावाच लागतो. फोटो झाला तशी वरच्या मोहल्ल्यातली पोरं एकेक करून उठली आणि ताटं बादलीत रिकामी करून हात धुवायला गेली. हातांना काही लागलेलं नव्हतं, तरी धुतले. जेवली ती फक्त विहाराकडची पोरं, आणि तीही मान खाली घालून, काही चोरल्यासारखी.

पंचफुलाला आधी वाटलं, मीठ चुकलं. दुसऱ्या दिवशी तिनं कांदा वाढवला, मग घरचं तिखट आणलं, मग मटकी जरा जास्त परतली. बादली भरतच राहिली. शेवटी ती मंदाबाईच्या दारात गेली. मंदाबाई ओट्यावर पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होती.

"मंदाबाई, तुमी खिचडीत काय टाकत होत्या, मले सांगा."

"जे तू टाकतं तेच."

"मंग पोरं काऊन फेकून देते?"

मंदाबाई तेलाचा हात तसाच धरून रस्त्याकडं पाहत बसली. "पोराईले काय समजते? घरी जे सांगते तेच करते."

"तुमच्या घरी काय सांगून राह्यले?"

"चहा घेतं काय?" मंदाबाईनं विचारलं, पण उठली नाही. तिच्या घरातली नात, गुंजन, त्याच शाळेत पहिलीला होती.

पंचफुला चहा न घेता परत आली.

मग वरच्या साहेबांचा निरोप आला. या शाळेचं खरकटं बाकीच्या शाळांपेक्षा जास्त आहे, महिन्याअखेर कमी झालं नाही तर स्वयंपाकीण बदला. रूपराव सरांनी मोबाईल तिच्यापुढं धरला.

"सर, तुमी रोज कारण कोणतं निवडता?"

"चव नाही, हे."

"पयला घास तुमीच चाखता न? चव नाई तं कटोरीभर घेऊन काऊन खाता?"

सर ओशाळले. "चव आहे वो बाई. पण मी दुसरं काय निवडू? अन् गावाच्या भानगडीत मले पाडू नका. माही बदली जवळ आली."

सर वाईट माणूस नव्हते. असे वाईट नसलेले लोक तुम्ही गावोगाव नेमून ठेवले आहेत, म्हणून तर तुमचं चालतं.

त्या दिवसांत पंचफुला उरलेल्या खिचडीजवळ एकटी बसून जेवायची. बादली काट्यावर चढायची, सर आकडा टिपायचे, आणि ते सगळं शाळेमागच्या खड्ड्यात जायचं. घरी न्यायची बंदी, कुणाला द्यायची बंदी. आपण सकाळी धुतलेला तांदूळ दुपारी मातीत लोटताना तिला काय व्हायचं, हे नंदिनीला फोनवर सांगावं असं तिला वाटे. पण लेक घाईत असायची. "जेवली न आई?" एवढं विचारायची. "जेवली," पंचफुला सांगायची.

मग एक दिवस तिला डोळे दाखवायला सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचं होतं. सिलिंडर संपलं की चूल पेटवायची, त्या धुरानं डोळे सारखे गळत होते. पोरं वर्गात असतानाच तिनं खिचडी रांधली, गंजावर झाकण घातलं आणि मागच्या फाटकानं बस पकडायला निघून गेली. वाढायला सरांनी मंदाबाईला गळ घातली. ती लंगडत आली, पळी हातात घेऊन पंगतीपुढं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पंचफुला शाळेत आली तर बादली कोरडी पालथी घातलेली, मागच्या खड्ड्यातही कालचं काही पडलेलं नाही. तिला काही उमगेना. तेवढ्यात पाणी प्यायला आलेली गुंजन तिच्याजवळ थांबली. रोज थांबत नसे.

"मावशी, काल माह्या आजीनं खिचडी बनवलती. लय मस्त होती. मी दोनदा घेतली."

"हो काय?"

"सगळ्याईनं घेतली. तू बी तसी करत जा न. आजीले विचारून घे."

पंचफुलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "विचारतो हं बाई," ती म्हणाली.

सर मात्र खुशीत होते. मोबाईलवर साहेबांचा वर केलेला अंगठा आला होता आणि खाली लिहिलं होतं, छान, असंच चालू ठेवा. सरांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला होता.

"पंचफुलाबाई, तुम्ही आत शिजवा. दार लोटून घ्या फक्त. वाढायले मंदाबाई उभी राहीन. गावाले वाटन तिनंच केलं. तुमचं काम राह्यते, पोरं जेवते, माह्यं वजन कमी राह्यते. कोणाचं काय जाते?"

वाईट तोडगा नव्हता, खरं सांगायचं तर. पोरं पोटभर जेवली असती, तिच्याच हातचं. तिनं लोटलेल्या दारामागं बसून पंगतीचा आवाज ऐकला असता. आणि मग रोज, गंजातलं तळाचं खरवडून, त्या धुरात एकटीनं जेवली असती. घरी एकटी होतीच. आता इथंही नसल्यासारखी राहिली असती.

जेवणाच्या वेळी तिनं दार उघडं ठेवलं. वाढायला आलेल्या मंदाबाईच्या हातातली पळी काढून घेतली आणि स्वतः वाढत गेली. मंदाबाईनं पळी सोडली आणि भिंतीला टेकून बसली.

"पोरांनो, कालची खिचडी बी मीच केलती," पंचफुला म्हणाली. "गुंजन, तुले आवडली न? आजची बी तसीच हाये."

गुंजननं दोन घास खाल्लेही. मग तिनं शेजारच्या पोरींकडं पाहिलं. पोरी उठल्या. ती आजीकडं पाहत राहिली. आजी गुडघा चोळत होती. गुंजन उठली आणि तिचं ताट बादलीत गेलं.

पंचफुलानं बादली स्वतः ओढत नेऊन काट्यावर ठेवली. "सर, सायबाले फोन लावा."

"बाई, काय करून राह्यल्या? काम जाईन तुमचं."

"लावा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सरांनी लावला. पलीकडून हॅलो आलं आणि पंचफुलानं मोबाईल हातात घेतला.

"सायेब, मी पंचफुला बोलतो, शाळेची स्वयंपाकीण. काल हाच तांदूळ होता, हेच मीठ होतं, हाच हात होता. बकेट रिकामी होती. आज भरली. कालपासून आजपर्यंत काय बदललं? तुमच्या मोबाईलमंदी ते नसन तं तोंडानं सांगा. मी फोन ठेवत नाई. बोला."