पंचेचाळीस फुटी माणसाच्या पोटातली पंगत

मागच्या वर्षी धम्मदीपाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कांद्याच्या पेशीची प्रतिकृती मांडली होती. परीक्षकांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. ठेवला तो ठेवला, वर निघताना "बशी छान आहे" असंही म्हणाले. पहिला नंबर गेला वर्गातल्या प्रज्वलच्या जेसीबीला. इंजेक्शनच्या नळ्यांवर चालणारा तो जेसीबी तीन वर्षांत तीन रंगांत जिंकला होता.

म्हणून यंदा, नववीत, धम्मदीपाने दोन गोष्टी ठरवल्या. कामरगावातून कारंज्याच्या तालुका प्रदर्शनाला आपणच जायचं. आणि जिच्यावर कप ठेवता येणार नाही एवढी मोठी प्रतिकृती करायची. विषय: मानवी शरीरातील ऊती.

तिचे बाबा संघपाल मंडपवाले. त्यांनी विषय ऐकून कानावरची पेन्सिल काढली.

"केवढा माणूस पाह्यजे?"

"मोठा."

"म्हंजे किती पाव्हण्यांचा?"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात पंचेचाळीस फुटी माणूस उताणा पडला होता. धम्मदीपा त्याच्या अंगावर चिठ्ठ्या टाचत फिरत होती. बाहेरून गुलाबी कापड, आतून पांढरं अस्तर: अभिस्तर ऊती, शरीर आतून-बाहेरून झाकून ठेवते. लोखंडी पाइपांची हाडं आणि त्यांना बांधणारे दोर: संयोजी ऊती, सगळं जोडून आधार देते. हातापायांशी दोर धरून उभी असलेली बाबांची आठ माणसं: स्नायू ऊती, हालचाल करते. छातीत जनरेटर, कारण हृदयाच्या स्नायूला सुट्टी नसते. जीभ म्हणून लाल कार्पेट. तोंडावर 'सुस्वागतम्' कोणी सांगितलं नव्हतं, पण पाटीशिवाय मंडप सोडायची संघपालच्या हाताला सवय नव्हती.

घोटाळा जनरेटरने केला. कामरगावात रीतच होती: संघपालचा जनरेटर धडधडला की आचारी इंद्रभान चूल पेटवायचा. कार्य कोणाचं, हे विचारणं त्याला अपमानाचं वाटे. आणि इंद्रभानची चूल पेटली की गाव आंघोळ करून निघायचं.

साडेअकराला माणसाच्या पोटात वांग्याची भाजी, पोळ्या आणि बुंदीची पंगत बसली. ओळी पोटात मावेनात, म्हणून एक गळ्यातून थेट डोक्यापर्यंत गेली आणि दुसरी डाव्या पायात उतरली.

"बाबा, हे काय होऊन राह्यलं?"

"पोट हाय ना? मंग खाली कसं ठेवाचं?"

धम्मदीपाने पोटावर आणखी एक चिठ्ठी टाचली: पचन चालू आहे.

तेवढ्यात परीक्षक आले. भाऊसिंग राठोड साहेब, हातात गुणपत्रक. ते तोंडातून आत शिरले, जिभेवरून चालत पोटात आले, आणि कोणी काही विचारायच्या आत त्यांच्यापुढे पत्रावळ पडली.

"बोल बेटा," पोळी मोडत ते म्हणाले.

धम्मदीपाने धडाधड सांगितलं. साहेब मान हलवत होते, ते उत्तरांना की भाजीला, हे कळत नव्हतं.

"आणि चेता ऊती? निरोप नेणारी, आणणारी?"

चेता ऊतीसाठी ठेवलेली लायटिंगची माळ बाबांनी 'सुस्वागतम्'भोवती गुंडाळली होती. पंचेचाळीस फुटी माणसात एक नस नव्हती. पलीकडे प्रज्वलचा जेसीबी बुंदी वाढत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"नाई ठेवली का?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

धम्मदीपा डोक्याकडे धावली. माळ सोडून आणावी, निदान दोन हातांत तरी नसा होतील, असा विचार होता. ती डोक्यात पोचली न पोचली तोच डाव्या पायातून हाक आली.

"अवं, हिरीबाईची म्हैस पायाले अंग घासून राह्यली! पाइप हालते!"

निरोप पंगतीने उचलला. मांडीतल्याने पोटातल्याला सांगितलं, पोटातल्याने साहेबांना, साहेबांनी तोंडात घास असतानाच पुढच्याला. डोक्यात शेवटी बसलेल्या तुळसाबाईने धम्मदीपाचा हात धरला.

"पोरी, डाव्या पायाले म्हैस!"

धम्मदीपाने डोक्यापासून पायापर्यंत बसलेल्या पंगतीवर नजर फिरवली. मग ओरडली, "डावा पाय वर घ्या!"

आज्ञा गळ्यातून, साहेबांवरून, मांडीतून पायात गेली. दोर धरलेल्यांनी एकदम ओढ घेतली. पंचेचाळीस फुटी माणसाने पाय तीन फूट वर उचलला. पायातली पंगत मागे सरकली, पण पत्रावळ कोणी सोडली नाही. म्हैस अपमान झाल्यासारखी निघून गेली.

धम्मदीपा धावत पोटात आली. "साहेब, आता तुमच्यातून गेली ते चेता ऊती!"

राठोड साहेबांनी घास गिळला. "दोनदा गेली," ते गंभीरपणे म्हणाले, "येताना अन् जाताना."

मग त्यांना निघायचं होतं. बाहेर जायचा रस्ता संघपालने ठेवलाच नव्हता, त्यामुळे ते आले तसेच तोंडातून बाहेर पडले.

"साहेब," प्रज्वल बाहेरून म्हणाला, "असं बाहेर आलं त त्याले उलटी म्हंतात."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. गुणपत्रकावर शेरा होता: 'प्रतिकृती सजीव आहे. कारंज्यासाठी निवड. भाजी जरा तिखट.'

धम्मदीपाने तो कागद तुळसाबाईला वाचून दाखवला, मग स्नायूंना, मग म्हशीच्या मागे गेलेल्या हिरीबाईला गाठून तिलाही. परत आली तेव्हा संघपालने कानावरची पेन्सिल काढली होती.

"कारंज्याले माणूस झोपलेला पाह्यजे का उभा?"

"बसलेला," धम्मदीपा म्हणाली. "जेवाले बरं पडते."