सात-चाळीसची गाडी

मास्तरांनी मागच्या खोलीत अख्खा मुलूख उभा केला होता. त्यात निवृत्तीनंतरची तीन वर्षं गेली, दोन टेबलं गेली आणि बायकोच्या मोरीतल्या एकूण एक घासण्या गेल्या. घासण्यांची झाडं झाली, भुशाला हिरवा रंग फासून शेतं झाली, कागदाच्या लगद्याच्या दोन टेकड्या झाल्या. नदीवर पूल, पलीकडे विटांची भट्टी, उतारावर सतरा मेंढ्या. सतराच का, असं कुणी विचारलं की मास्तर म्हणत, "कारण सतराच होत्या." त्यावर पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मधोमध ते आडगावचं स्टेशन होतं, जिथं त्यांनी बावीस वर्षं काढली. बाकी मुलूख त्यांनी आवळून-चेपून बसवला होता, पण स्टेशनाच्या आवारात तडजोड नाही. तिथं सगळं मोजूनमापून, एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात. फलाटावर बोटाच्या पेराएवढे मास्तर हिरवा बावटा घेऊन ताठ उभे होते.

आणि सात-चाळीसची गाडी सात-चाळीसला येत होती! खऱ्या स्टेशनात हे बावीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. तिथं ती रोज सात-चव्वेचाळीसला यायची आणि मास्तर रोज नोंदवहीत लिहायचे, 'विलंब: चार मिनिटे. कारण: मागील स्टेशनाचा ढिसाळपणा.' दर महिन्याला मुख्य कचेरीला तक्रारीचं पत्र जायचं. एकाही पत्राला उत्तर आलं नाही. मागच्या स्टेशनाच्या मास्तराशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. त्या चार मिनिटांनी आपल्या नोकरीचा विचका केला असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आता गाडीचं बटण त्यांच्याच हातात होतं.

रेल्वेच्या जुन्या गोदामात संग्रहालय होणार होतं आणि ही मांडणी तिथं कायमची ठेवायला मंडळी तयार होती. अट एकच. अर्जातल्या 'सर्व काही प्रत्यक्षात होते तसेच आहे' या वाक्याखाली त्या स्टेशनावर काम केलेल्या दुसऱ्या माणसाची सही हवी. असा एकच माणूस हयात होता, तिथला सांधेवाला. उभा जन्म रूळ बदलायचे खटके ओढण्यात गेल्यामुळे सगळे त्याला खटकाच म्हणत. मास्तरांना त्या सहीची आस लागली होती. कचेरीनं ऐकलं नाही तर नाही, निदान येणारे-जाणारे तरी बघतील की गाडी वेळेवर येऊ शकत होती.

खटका आला, काठी टेकत टेबलाभोवती फिरला. मेंढ्या बोटानं मोजल्या. "सतरा. बरोबर," तो म्हणाला. मास्तरांची छाती फुगली.

"तुमचं क्वार्टर कुठाय?"

"मापानं धरलं तर ते खोलीबाहेर जातं," मास्तर म्हणाले. "भिंत आडवी आली. क्वार्टरातलं आमचं स्वयंपाकघर बरोबर या खोलीच्या दारात येतं."

दारात मास्तरीणबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "म्हणजे तीन वर्षं मी रोज स्वयंपाकघरातून निघून स्वयंपाकघरातच येतेय," त्या म्हणाल्या. "तरीच पाय दुखतात."

मास्तरांनी बटण दाबलं. गाडी पुलावरून आली, टेकडीला वळसा घालून फलाटाला लागली. घड्याळात सात-चाळीस. मास्तरांनी पेन पुढे केलं. खटक्यानं ते घेतलं नाही.

"मास्तर, गाडी थांबली नाही."

"ही काय, फलाटावर थांबलीय की!"

"त्याच्या आधी. क्वार्टरखालच्या रुळांवर..." एवढं बोलून खटक्यानं जीभ चावली आणि बाईंकडे बघितलं.

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "सांगून टाकते एकदाचं. तुमचा डावा बूट रोज सापडायचा नाही. सात-चाळीसला तुम्ही खाटेखाली वाकलेले असायचात. फलाटावर मास्तर नाही आणि गाडी आत, असं एकदा झालं असतं तरी नोकरी गेली असती. मी मागच्या खिडकीत लाल टॉवेल टांगायचे. ड्रायव्हर खाली थांबायचा. तुम्ही पुढच्या दारानं पळालात की मी टॉवेल काढून घ्यायचे."

"मला इंजिन ऐकू यायचं!"

"यायचं की. तुम्हाला वाटायचं, लांबून येतंय."

मास्तरांनी पेन खिशात टाकलं. "आणि माझी पत्रं? टपालात तूच टाकायचीस ना?"

"नाही टाकली. मागच्या स्टेशनाच्या त्या बिचाऱ्या मास्तराचा काय दोष? फडताळात अंथरायला कागद लागायचाच."

मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब केला. दोनशे चौसष्ट पत्रं, आणि त्यांच्यावर डाळ-तांदळाचे डबे. "बावीस वर्षं मला मूर्ख बनवलंत तुम्ही सगळ्यांनी!" ते ओरडले.

"बूट जागेवर ठेवला असतात तर एका दिवसात थांबलं असतं," बाई म्हणाल्या.

खटक्यानं चहा संपवला. "होतं तसं झालं की बोलवा," म्हणत तो निघून गेला.

तीन दिवस मास्तरांनी बटणाला हात लावला नाही. त्यांना लाज वाटत होती. आपण खाटेखाली वाकलेले असताना कुणीतरी रोज, बावीस वर्षं, न चुकता आपल्यासाठी गाडी थांबवत होतं, या विचारानं लाजेच्या तळाशी बरंही वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. चौथ्या दिवशी त्यांनी करवत काढली. दारात आडवी फळी बसवली, तिला बिजागऱ्या लावल्या, रूळ तिच्यापर्यंत वळवून तिच्यावर क्वार्टर बांधलं. मागच्या भिंतीला खिडकी कोरली आणि बायकोकडे जाऊन हळूच विचारलं, "अगं, तो टॉवेल आहे का गं अजून?"

होता. त्याची नखाएवढी चिंधी खिडकीत लागली. फलाटावरचे पेराएवढे मास्तर उचलून क्वार्टरच्या पुढच्या दारात आणले गेले, आणि त्यांच्या डाव्या पायाचा काळा रंग घासून काढला गेला.

खटका पुन्हा आला. फळीखालून वाकून आत शिरला. गाडी क्वार्टरखाली थांबली आणि तिघं चार मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग त्यानं सही केली.

अर्जात शेवटी 'विशेष नोंद' असा रकाना होता. मास्तरांच्या हातानं सवयीनं लिहिलं, 'विलंब: चार मिनिटे. कारण:' तिथं पेन अडलं. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'स्टेशन मास्तर.'

बाई खांद्यावरून वाचत होत्या. "अहो, हे कशाला? तुमचं रेकॉर्ड खराब होईल."

"होऊ दे," मास्तर म्हणाले.

अर्ज टपालात टाकायला मात्र ते स्वतः गेले. निघायच्या आधी चार मिनिटं खाटेखाली वाकले होते.