आधी पाणी, नाव-गाव मग

"आल्या माणसाले आधी पाणी विचारजो. नाव-गाव मंग."

बाबांचं हे वाक्य अपेक्षानं लहानपणी किती वेळा ऐकलं असेल, कोण जाणे. बाभुळगावच्या रस्त्याला लागून बाबांचं, म्हणजे पुंडलिकरावांचं, कपाशी-तुरीचं वावर. बाजाराला पायी जाणारी माणसं विहिरीपाशी टेकत. माणूस कुठलाही असो, बाबा तांब्या भरून पुढे करत आणि तो पाणी पिऊन तोंड पुसेपर्यंत एक अक्षर विचारत नसत. अपेक्षा शिकायला यवतमाळला आली, आणि गावाकडच्या पुष्कळ गोष्टींसारखी ही गोष्टही विहिरीपाशीच राहिली.

आता ती यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या एका लहानशा कंपनीत मोबाइलची ॲप बनवत होती. हातातल्या ॲपचं नाव होतं 'पहिला शब्द'. हे काम तिनं स्वतः मागून घेतलं होतं. वसतिगृहातले पहिले तीन आठवडे ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की तळहाताला घाम सुटायचा, जीभ टाळूला चिकटायची. आपल्यामागून येणाऱ्या मुलींवर ती पाळी येऊ नये, हा तिचा ध्यास होता.

ॲप सोपं होतं. नव्या माणसाशी बोलायची धास्ती वाटली की उघडायचं, जेवणाची रांग, वर्गातला बाक, बसची वाट असा प्रसंग निवडायचा. ॲप आधी शांतपणे श्वास घ्यायला लावायचं, मग सुरुवातीची वाक्यं सुचवायचं, म्हणूनही दाखवायचं. ती वाक्यं गोळा करायला अपेक्षा महिनाभर एस.टी. स्टँडवर, भाजीबाजारात, दवाखान्यांच्या बाकांवर फिरली होती. "अनोळखी माणसाशी तुम्ही पहिलं काय बोलता?" दहातल्या आठांनी एकच उत्तर दिलं, "आडनाव काय तुमचं?" सगळेच जे बोलतात ते सोपं असणार, असं समजून तिनं तेच वाक्य पहिलं ठेवलं.

तिच्याच जुन्या वसतिगृहातल्या वीस नव्या मुलींना ॲप वापरून पाहायला दिलं होतं. येत्या सोमवारी ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळींना दाखवायचं होतं.

गुरुवारी सकाळी शेजारच्या टेबलावरून पियुषनं हाक मारली. "अपेक्षा, हे पाय. एका पोरीनं चार दिवसांत पहिलं वाक्य एकतीस वेळा ऐकलं. दुसरं एकदाही नाही. अन् मंग ॲप बंदच."

"कोण आहे?"

"नाव कुठं दिसते आपल्याले? आकडा आहे नुसता."

आकड्याचं नाव दुपारी कळलं. वसतिगृहाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या इंदुताईंचा फोन आला. "झरीकडची मानी येत्या सोमवारच्या गाडीनं घरी जाऊन राह्यली. शिक्षण सोडून. तू येऊन जा."

इंदुताईंचा गुरुवारचा उपास होता. पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय ही बाई चुलीला हात लावत नसे. अपेक्षा तडक वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आली तशी त्यांनी काही न बोलता पाण्याचा पेला तिच्या हाती दिला आणि ती पिऊन होईपर्यंत गवारीच्या शेंगा निवडत बसल्या. मानी समोरच बसली होती. पायाशी बांधलेली पिशवी.

"तुमचं ॲप खराब नाही ताई," मानी म्हणाली. "मी पाठ केलं. भिंतीशी बोलली, आरशाशी बोलली."

"मग?"

"मंग जेवताना दुसऱ्या वर्षाच्या खुशीताईच्या बाजूनं बसली न विचारलं, तुमचं आडनाव काय? त्यायनं सांगितलं. मंग मले विचारलं, तुझं काय? मी म्हटलं, आत्राम. झरीकडची, कोलामाच्या पोडावरची, म्हंजे आदिवासी वस्तीवरची. तं त्या म्हणे, 'अच्छा.' अन् ताट घेऊन तिकडच्या टेबलावर गेल्या." मानीनं पिशवीची गाठ उगाच घट्ट केली. "भांडल्या नाही काही. पण तवापासून माझ्या बाजूची खुर्ची रिकामीच असते. आमच्या पोडावर माय म्हणते, ह्या पोरीच्या तोंडाले झाकणच नाही. इथं आल्यावर समजलं, झाकण दुसरं कोणी ठेवते."

अपेक्षानं घाईनं उपाय सांगितला. "मी ते वाक्य काढून टाकते. दुसरं घालते. कोणत्या वर्षाला आहेस, काय शिकतेस, असं काही."

"अन् वाक्य बदलून काय होते व?" इंदुताईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "घरी पाहुणा आला तं पहिले कोण बोलते? पाहुणा का घरचा?"

"घरचा."

"मंग इथं घरचं कोण? वर्ष-दोन वर्षं राह्यलेल्या पोरी. अन् तू ॲप दिलं कोणाले? पाहुण्याले. दारात उभ्या माणसालेच म्हणून राह्यली, तूच दार उघड अन् तूच स्वतःले या म्हण."

अपेक्षानं हातातला रिकामा पेला खाली ठेवला.

"तुले आठवते?" इंदुताईंनी शेंगेचं देठ मोडलं. "तीन आठवडे तू मुकी होतीस. मंग कशी बोलली?"

आठवलं. चौथ्या आठवड्यात याच बाईनं ताटाशेजारी पेला ठेवून विचारलं होतं, 'पाणी पिली का पोरी?' तेवढ्यानं तिचं रडू फुटलं होतं, आणि रडण्यामागून बोलणं. तिची भीती तिनं एकटीनं घालवलीच नव्हती! दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हात पुढे केला होता. आणि बाबांनी तरी विहिरीपाशी वेगळं काय केलं होतं? तांब्याच्या आधी आडनाव विचारलं, की समोरचा माणूस राहतच नाही. मागे उरतो तो माणूस तोलणारा तराजू.

"मानी, ॲपसाठी तुझा फॉर्म भरताना मीपण पहिलं आडनावच विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो. पण तुम्ही ताट नाही उचललं."

"रविवारी जेवणघरात सगळ्यांसोबत जेव. तू एक शब्द बोलू नकोस. बोलायचं काम आमचं."

"अन् कोणीच नाही बोललं तं?"

"तर सोमवारी मी स्वतः तुला गाडीत बसवून देईन."

"खिडकीची जागा पाहिजे मंग," मानी म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडीशी हसली.

शुक्रवारी अपेक्षाचा नवा बेत ऐकून कंपनीच्या नंदकिशोर सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "संस्थेनं आपल्याकडे बुजऱ्यांसाठी ॲप मागितलंय. तू धीटांसाठी बनवायला निघालीस. सोमवारी नापसंत झालं तर?"

"तर होऊ द्या, सर. एक मुलगी भिंतीशी बोलून बोलून दमली. मी तिला आणखी एक वाक्य देणार नाही."

सरांनी चष्मा पुन्हा नाकावर उतरवला. "दोन दिवस आहेत तुझ्याकडे," ते म्हणाले.

ते दोन दिवस अपेक्षानं मान वर केली नाही. बुजऱ्या मुलींसाठी श्वासाची मदत तिनं तशीच ठेवली, वाक्यं मात्र बाजूला केली. आता ॲप आधी जुन्या मुलींच्या मोबाइलवर उघडणार होतं, आणि त्यावर एकच ओळ येणार होती: 'आज मी एका नव्या माणसाशी आधी बोलेन.' गुण नाहीत, बक्षीस नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावावा तसा रोजचा एक नेम.

"आडनावाचा रकाना?" पियुषनं विचारलं.

"काढ."

"नुसतं नाव?"

"हाक मारायला तेवढं पुरतं."

रविवारी दुपारी नव्या मुली येण्याआधी अपेक्षानं जुन्या मुलींना जेवणघरात बसवून हे सगळं सांगितलं. खुशी पुढच्याच टेबलावर होती.

"म्हणजे आता कोणाशी बोलायचं तेही मोबाइल सांगणार?" ती म्हणाली. दोघी-तिघी खिदळल्या. "आणि मी कोणाला काही वाईट बोलले नाही हं, ताई."

"तू काहीच बोलली नाहीस, खुशी. 'अच्छा' म्हणालीस आणि ताट उचललंस." खिदळणं थांबलं. "पण तो प्रश्न तिच्या तोंडी मीच घातला होता. वाक्य माझं, ताट तुझं. चूक आपल्या दोघींची आहे, आणि वसतिगृह सोडून जायची पाळी मात्र तिच्यावर आली. उद्याची गाडी आहे तिची. आपल्या एका 'अच्छा'पायी एका मुलीचं शिक्षण सुटणार असेल, तर इथं आपण शिकतो तरी काय?"

खुशीनं मान खाली घालून मोबाइलवरची ती ओळ वाचली. मग हळूच त्या ओळीवर बोट टेकवून तो नेम स्वीकारला.

नव्या माणसाशी बोलायची भीती हा काही त्या एकट्या माणसाचा दोष नसतो. आपण जे आधीपासून बसलेले असतो, ते आपल्या नजरेनं, आपल्या पहिल्या प्रश्नानं ती भीती वाढवतो किंवा उतरवतो. वर्ग असो, कचेरी असो, देवळातली पंगत असो, जो नवा आला तो पाहुणा आणि आपण घरचे. पहिला शब्द घरच्यानं द्यायचा असतो, आणि त्यात आडनावाचं माप नको. कोणतंही ॲप हे आपल्यासाठी करणार नाही. फार तर आठवण देईल.

नव्या मुली आल्या. मानी ताट घेऊन भिंतीकडच्या टेबलावर बसली आणि कुणाकडेही न पाहता भाकरीचा तुकडा मोडला. ठरल्याप्रमाणे ती एक शब्दही बोलणार नव्हती. दारात उभ्या इंदुताईंनी अपेक्षाच्या हातावर हात ठेवला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

तेवढ्यात एक खुर्ची मागे सरकली. खुशी उठली, कोपऱ्यातल्या माठापाशी गेली. दोन पेले काठोकाठ भरले आणि ते सांडू नयेत म्हणून हळू पावलं टाकत भिंतीकडच्या टेबलाच्या दिशेनं निघाली.