मास्तरांच्या समुद्रातल्या म्हशी

मंगळवार पेठेतल्या हॉलात नृसिंह मास्तरांच्या समुद्रचित्रांचं प्रदर्शन भरलं आणि जोतीराम खांबाआड जाऊन उभा राहिला. कारण बावीसच्या बावीस समुद्र त्यानंच तोंडी पुरवले होते.

मास्तर एका पायानं अधू. म्हणून एक्कावन्न साली त्यांनी या लाडक्या विद्यार्थ्याला रत्नागिरीच्या एस.टी.त बसवलं. "डोळे भरून बघून ये आणि सांग. मी काढतो." जोतीरामला मलकापुरातच गाडी लागली. तो उतरला, चिमणामावशीकडं आठ दिवस मटण-भाकरी हाणली आणि परत येऊन समुद्र सांगितला. म्हणजे गावातला रंकाळा तलावच सांगितला. फक्त पलीकडचा काठ काढून टाकला.

तेच आता भिंतीवर होतं. प्रत्येक समुद्रात गळ्यापर्यंत बुडालेल्या म्हशी.

लोक खूष होते. "खाऱ्या पाण्यात म्हशी बसत्यात व्हय?"

"कोकणातल्या बसत असतील की!"

एवढ्यात एक रत्नागिरीकर पाहुणे आले. एकवीस चित्रं त्यांनी भुवया चढवून पाहिली. बाविसाव्यापाशी, 'रात्रीची गाज'पाशी, मात्र थबकले.

"मास्तर, म्हशींचं मला कळलं नाही. पण ही लाट! चढते, अडते, मग फुटते. आमच्या घरी अंथरुणात पडलं की अशीच ऐकू येते हो." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"माझं काही नाही त्यात," मास्तर म्हणाले. "ह्या जोत्याचे कान."

जोतीरामला वाटलं, शेवटच्या म्हशीशेजारी थोडी जागा आहे, तिथं आपण बुडावं.

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "मास्तर, मी मलकापूरच्या म्होरं गेलोच न्हाय."

"आणि म्हशी?"

"रंकाळ्याच्या."

मास्तर खुर्चीत बसले. बराच वेळ अधू पाय चोळत राहिले. "मग ही गाज?"

"चिमणामावशी घोरती."

मास्तर हसतील, असं त्याला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "दोन वर्षं मी डोळे मिटून ती ऐकत होतो रे," एवढंच म्हणाले.

जोतीराम खाली वाकला आणि पाठ पुढं केली. "बसा. उद्या सकाळची गाडी हाय. तिथं उतरून असंच काठापर्यंत न्हेतो. वाटंत ओकारी आली तरी उतरायचा न्हाय."

"आणि समुद्रात म्हशी नसल्या तर?"

"मावशीकडनं दोन हाकलत न्हेऊ."

मास्तरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. दुसरा हलला नाही. तो हलेपर्यंत जोतीराम वाकलेलाच राहिला.