चौथ्या ओळीतली दोन अक्षरं

शिलालेख वाचण्यात काकांची हयात गेली होती, आणि आता पुतणीने आणलेलं एक फुकटचं सॉफ्टवेअर त्यांना जाब विचारत होतं. लेख इंटरनेटवर टाकायचा तर अंदाजाने भरलेलं प्रत्येक अक्षर कंसात घाला आणि कारण लिहा म्हणे!

"चौथ्या ओळीतली दोन अक्षरं झिजली होती, म्हणून मी भरली. तीस वर्षांत कुणी हूं की चूं केलं नाही," काका कडाडले.

पुतणीने दगडाचा नवा फोटो मोठा केला. काकांनी हा लेख कुणीतरी कागदावर घेतलेल्या ठशावरूनच वाचला होता. फोटोत मात्र तिथे दगडाला मूळचाच खळगा दिसत होता. कोरणाऱ्याने तो टाळून पुढे कोरलं होतं. तिथे कधी अक्षरं नव्हतीच.

"टायपिंगची चूक म्हणून माझ्या नावावर टाकते," पुतणी हळूच म्हणाली.

"काही नको. कुणी काय बदललं ते सगळ्यांना दिसावं म्हणूनच बदलांची नोंद उघडी ठेवलीय ना?"

काकांनी कीबोर्ड ओढला, दोन्ही अक्षरं खोडली, स्वतःचं पूर्ण नाव टाकलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'कोरणाऱ्याने दगड पाहिला होता. मी फक्त कागद.'