शकुबाईचा अंगठा

भाऊरावची लाथ छातीवर बसली तशी शकुबाई मागच्या धान्याच्या कोठीवर जाऊन आदळली. कोठीचं झाकण खाली पडलं आणि खणखणत गोल फिरत राहिलं.

"मारून टाकतं काय वं मले?" भाऊराव खाटेवरून ओरडला.

"मॅडमनं दाखवलं तिथंच दाबलं," शकुबाई छाती चोळत म्हणाली. "दुखन म्हणून सांगितलंच होतं त्यायनं. नव्वद आकडे मोजाचे, तवा ते नरम पडते. माये पन्नासबी नाई झाले."

तो घामाने भिजला होता. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाला, "दाब मंग. हळू."

शकुबाईने झाकण उचलून कोठीवर ठेवलं. पुन्हा खाटेच्या कडेला बसून ती नवऱ्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला, सुंभाच्या पिळासारखी ताठलेली ती शीर अंगठ्याने चाचपू लागली. सापडली. तिने आकडे पुन्हा एकपासून सुरू केले.

बोरगावात भाऊरावला सगळे मेटाडोरवाला म्हणत. सौंसरच्या बागांमधली संत्री नागपूरच्या मंडीत न्यायची, येताना खत-बियाणं आणायचं, असं त्याचं वीस वर्षं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या ओटीपोटात आग सुरू झाली. लघवी साठली की दुखायचं, केली की घटकाभर बरं वाटायचं आणि वीस मिनिटांत पुन्हा तेच. नागपूरच्या वाटेवर तो सहा-सात वेळा गाडी थांबवून झाडामागे पळायचा. खडा निघाला नाही, जंतू निघाले नाहीत, दुर्बीण घालून पाहिलं तरी काही दिसलं नाही. एका डॉक्टरने खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम सांगितला. महिनाभर त्याने तो जोर लावून केला आणि दुखणं दुप्पट झालं. शेवटी नागपूरच्याच एका मोठ्या डॉक्टरने त्याला सौंसरच्या फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं.

ती बाई निघाली. मानसी नाव, वय तिशीच्या आतबाहेर. भाऊराव टेबलावर चढायलाच तयार होईना.

"बाईसमोर मी कपडे काढत नसतो."

"नका काढू. पायजम्यावरूनच बघते," मानसी म्हणाली. पोट, कंबर, मांड्या दाबून पाहिल्यावर तिने आपला हात त्याच्यासमोर धरला आणि मूठ घट्ट वळली. "तुमची लघवीची पिशवी ठीक आहे, काका. तिच्या खालचे आणि बाजूचे स्नायू हे असे होऊन बसलेत. रात्रंदिवस. आणि व्यायाम म्हणून तुम्ही ते आणखी आवळत होता. आता आवळायचं नाही, सैल सोडायला शिकायचं."

शकुबाई त्या मुठीकडे बघत राहिली.

आतून, म्हणजे गुदमार्गातून करायचे उपचार नागपूरला पुरुष थेरपिस्ट करतील, असं मानसीने सुचवलं. त्यावर भाऊराव इतक्या घाण शब्दांत बोलला, की बाहेर बसलेल्या बायांनी माना खाली घातल्या. मग मानसीने शकुबाईला जवळ बोलावलं आणि तिचा अंगठा स्वतःच्या दंडावर ठेवून किती भार द्यायचा ते शिकवलं.

"तुमचा हात चांगला आहे, मावशी. घाई नाही त्यात."

शकुबाईच्या हाताबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

ठरलं ते असं. सकाळी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, पोट फुगवून सावकाश श्वास, गुडघे फाकवून पडून राहणं, मग अंगठ्याने दाब. लघवी लागली की लगेच पळायचं नाही. बसल्या जागी श्वास सोडत पाच मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात दहा. कोपर मुळीच लावायचं नाही, त्याचा भार आवरत नाही. चहा, तिखट आणि संत्री सध्या बंद.

"संत्र्यावर जगतो आमी," भाऊराव म्हणाला.

"विका. खाऊ नका," मानसी म्हणाली.

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि त्यातली बावीस शकुबाईने मार खाल्ला होता. तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते, पोटरीवर उलथन्याचा डाग होता, उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. दामिनी पोटात असताना, सातव्या महिन्यात, तो तिला विहिरीपर्यंत केसांनी ओढत घेऊन गेला होता. दुखणं लागलं आणि हे सगळं थांबलं. माणूस बदलला नव्हता, त्याला फक्त सवड मिळत नव्हती. एकदा पट्टा उगारून तो तसाच ओटीपोट धरून मोरीकडे धावला होता. परत आला तेव्हा भांडण कशावरून होतं हेच विसरला होता. त्या दोन वर्षांत शकुबाईच्या बांगड्या फुटल्या नाहीत.

लेक दामिनी पांढुर्ण्याला दिली होती. फोनवर ती सरळ बोलायची. "आई, बाबा बिमार हायेत म्हणून तू वाचली. अन् तूच त्यायले बरं करून राहिली?"

शकुबाईचा नवऱ्यावर जीव होता असं नाही. पण ताठलेली शीर हळूहळू अंगठ्याखाली सैल पडताना कळायची, आकडे मोजता मोजता समोरच्या माणसाचा श्वास बदलायचा, आणि ते तिला आवडायचं. आपल्या हाताने काहीतरी होतंय, एवढंच.

दहाव्या आठवड्यात भाऊराव दीड-दोन तास थांबू लागला. नंतर एक दिवस सौंसरहून निघाला तो एकदाही गाडी न थांबवता थेट नागपूरच्या मंडीत पोचला. दुपारी तो हसत घरी आला. त्याच्या हातात मटणाची पिशवी होती.

"झणझणीत रस्सा कर. आज एकदाबी उतरलो नाई."

"मॅडमनं तिखट मना केलं ना. आणखी महिनाभर..."

"बरा झालो ना मी आता!"

"झाले ना. म्हणूनच दमानं घ्या."

पहिली थप्पड इतकी सहज आली, की मधली दोन वर्षं नव्हतीच असं वाटलं. मग त्याने तिचं डोकं ओट्यावर आपटलं. पिशवी फुटून मटण जमिनीवर पसरलं, त्यात तिचा पाय घसरला. पडलेल्या बाईला त्याने लाथा घातल्या, कमरेत, पोटात, जिथे बसेल तिथे. ती दाराची चौकट धरून उठू लागली तेव्हा त्याने दार ओढून घेतलं. तिच्या उजव्या हाताचा अंगठा मध्येच होता.

तो आवाज तिने बऱ्या कानाने ऐकला.

दुसऱ्या दिवशी मानसीने सुजलेला, काळानिळा अंगठा पाहिला आणि आधी एक्स-रे काढून आणायला लावला. हाड मोडलं होतं. ओठही फाटला होता.

"कुठे पडलात?"

"पडली नाई. ते बरे होऊन राहिले, मॅडम."

मानसीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती हातातली पट्टी गुंडाळायची थांबली. "मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी दुखण्याचं विचारलं. याचं कोणी विचारलं नाई."

मानसीने पोलिसांचं नाव काढलं, महिलांसाठीच्या फोन नंबरचं सांगितलं. शकुबाई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "मॅडम, मी दाबणं बंद केलं तं?"

"दुखणं परत येईल. हळूहळू."

"मंग बंद करू?"

मानसी खिडकीकडे बघू लागली. "पेशंटला दुखू द्या, असं मला कुणालाच सांगता येत नाही, मावशी." आणि मग कागद ओढून घेत, "पण या अंगठ्याने सहा आठवडे काहीही दाबायचं नाही. हे मी लिहून देते. सही-शिक्क्यासकट."

तो कागद पाहून भाऊराव हसला. दुसऱ्या आठवड्यात त्याचं हसू गेलं. श्वासाचा व्यायाम त्याने सोडून दिला, चहा पुन्हा सुरू केला. चौथ्या आठवड्यात तो अर्ध्या तासाने उठू लागला. आणि या वेळी मार थांबला नाही. दुखणंही होतं आणि रागही होता. त्याने तिला पाना फेकून मारला, गरम पाण्याची पिशवी तिच्या अंगावर फोडली.

एका सकाळी त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला चुलीपासून खाटेपर्यंत ओढत नेलं.

"दाब."

"अंगठा चालत नाई."

"मंग कोपर लाव! काहीबी लाव!"

तिने कोपर लावलं. शीर बरोबर सापडली. आता ती तिला डोळे मिटून सापडायची. तिने अंगाचा सगळा भार त्या शिरेवर टाकला. भाऊराव किंचाळला. त्याने वेणीला हिसका दिला, दुसऱ्या हाताची मूठ तिच्या डोक्यात घातली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भुवई फुटून रक्त तिच्या डोळ्यात उतरलं. ती हलली नाही. तिने आकडेही मोजले नाहीत. त्याची किंकाळी चिरकली, मग नुसताच श्वास येऊ लागला, मग त्याचा हात वेणीवरून गळून पडला आणि तो म्हणाला, "शकू, सोड. पाया पडतो."

चोवीस वर्षांत हे शब्द तिनेच उच्चारले होते. ती आणखी दाबत राहिली. आपल्याला थांबावंसं वाटत नाही हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती घाबरली. मारापेक्षा जास्त घाबरली. तिने कोपर उचललं. भाऊराव कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन रडत होता. त्याच्या मुठीत तिचे केस होते.

तिने तोंड धुतलं, भुवईला फडकं बांधलं, दोन लुगडी पिशवीत भरली आणि ती रस्त्यावर आली. लोधीखेड्याला तिचा भाऊ मधुकर राहत होता. बसमध्ये शेजारच्या बाईने काय झालं म्हणून विचारलं.

"मारामारी झाली," शकुबाई म्हणाली. आजवर ती 'पडली' म्हणायची.

दीड महिन्याने भाऊराव लोधीखेड्याला आला. भर दुपार होती, मधुकर आणि त्याची बायको कापूस वेचायला गेली होती. भाऊराव ओसरीत उभाच राहिला. वाळला होता.

"त्या मॅडमकडे गेल्तो. एकटाच. झोपलो टेबलावर, गपचाप."

"बरं केलं."

"चेंडू देल्ला त्यायनं. मांडीखाली ठेवून सोताच कराचं म्हणे."

"मंग करा."

"करून राहिलो. तुयासारखं नाई होत." त्याचे गुडघे एकमेकांना चिकटले होते, कपाळावर घाम होता. लोधीखेड्यापर्यंत तो कुठे थांबला नव्हता, हे तिला दिसत होतं.

"मोरी मागं हाय. आंधी जाऊन या."

"आंधी सांग. येतं का नाई?"

"नाई."

त्याने तिचं मनगट पकडलं. पूर्वीसारखंच, हाड दुखेल इतकं. "मी काय भीक मांगून राहिलो काय तुले? बायको हायेस तू मायी! चाल म्हणलं तं चाल!" तो तिला ओसरीच्या पायरीपर्यंत ओढत आला. तिने खांब धरला. त्याने आणखी जोर लावला, आणि तसाच थांबला. खाकी पँटच्या पुढच्या बाजूला काळा डाग पसरत खाली उतरला, चपलेत गेला. रस्त्यावरून कुणीतरी सायकलने चाललं होतं. भाऊरावने मनगट सोडलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शकुबाईने आतून मधुकरचा पायजमा आणला, बादलीत पाणी काढून दिलं आणि ती पाठ फिरवून उभी राहिली. तो मोरीतून बाहेर आला तेव्हा पायजमा त्याला आखूड होत होता.

"पँट?" तो म्हणाला.

"वाळाले येळ लागन. तुमी जा."

तो गेला. गाडी सुरू व्हायला दोन-तीनदा किल्ली फिरवावी लागली, मग आवाज दूर गेला.

शकुबाईने पँट साबण लावून दोनदा धुतली. अंगणातल्या तारेवर ऊन होतं आणि जागाही होती, पण ती तार रस्त्यावरून दिसायची. तिने पँट घराच्या मागे नेली आणि गोठ्याच्या कुडावर वाळत घातली.